चोरीची मतं, मताचा हक्क

रॉबर्ट कॅरो यांनी लिहिलेल्या अमेरिकी अध्यक्ष लिंडन जॉन्सनच्या चरित्राचे चार खंड माझ्या उशाशी असतात. बायको त्यांना विटा म्हणते. १९४८ मध्ये हा गडी सिनेटची पक्षांतर्गत निवडणूक अवघ्या ८७ मतांनी जिंकला, तीही टेक्ससमधल्या एका पेटीत मागाहून घुसडलेल्या सुमारे दोनशे नावांच्या जोरावर. त्यानेच १९६५ साली कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्काचा कायदा रेटून नेला! पुण्यातून पाप वजा करून अध्यक्षांची क्रमवारी लावणारे इतिहासकार मला म्हणूनच पटत नाहीत. जॉन्सनची सत्तेची भूक दोन्हीकडे तीच होती. आता पाचव्या खंडाची वाट पाहतोय. त्याच्या व्हिएतनाम युद्धाचा हिशेब त्यातच व्हायचा आहे.