'सकारात्मक विचार करा, हवालदार!'

महाराष्ट्रात पोलिसांची 'मानसिक तयारी' म्हणजे काय? हॉल घ्यायचा, वक्ता बोलवायचा आणि रात्रपाळी करून आलेल्या हवालदाराला सकारात्मक विचारांचे डोस पाजायचे. माझा याला सरळ विरोध आहे.

इथे न्यूझीलंडमध्ये पोलीस एरवी कमरेला पिस्तूलही लावत नाहीत. १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं गेली. हल्लेखोराला पकडणारे दोघे ग्रामीण पोलीस त्या दिवशी शहरात आले होते ते सशस्त्र गुन्हेगाराला तोंड देण्याच्या प्रशिक्षणासाठीच. पहिल्या फोननंतर १८ मिनिटांत तो ताब्यात होता. त्यांच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, याच्या कथा मी रचणार नाही; सराव ताजा होता, एवढं खरं.

स्वतःशी बोलण्याला मी हसत नाही. डोनाल्ड मायकेनबॉम या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकातच त्याचं प्रशिक्षण मांडलं. पण ते 'मी वाघ आहे' छापाचं नव्हे. 'श्वास सोड. त्याचे हात बघ. आडोसा घे.' अशी छोटी वाक्यं, वाढत्या ताणाखाली पुन्हा पुन्हा घोटलेली.

२६/११ ला तुकाराम ओंबळे लाठीनिशी कसाबला भिडले. त्यांना आपण दरवर्षी वंदन करतो. सरावाला काडतुसं पुरत नव्हती, ही राम प्रधान समितीची नोंद मात्र सोयीस्करपणे विसरतो.

'छोटा देश, त्यांना परवडतं' हे ऐकवू नका. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग २०१६ मध्ये मुंबईतच, देवनार पोलीस ठाण्यात झाला. तो सुचवला होता एका पोलीस शिपायाने, कुठल्या वक्त्याने नव्हे.