हात काळे झाले तर बिघडले कुठे?

शनिवार-रविवारी सहकुटुंब कुठे जायचे, याची आमच्या मुरुमसारख्या गावात ठरलेली यादी असते. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर. आणि पाऊस चांगला झाला असेल तर नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे. आमच्या घरापुरती या यादीत आता यंत्रमानवांच्या शालेय स्पर्धेची भर पडली आहे. आठवीतल्या मुलीची संघात निवड झाली आणि आजीसह आम्ही सगळे सव्वातीनशे किलोमीटरवरच्या पुण्याला जाऊन आलो.

या स्पर्धांचे वेड अमेरिकेतून आले. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा भरवली. खेळाडूंना मिळतात तशा टाळ्या यंत्रे बनवणाऱ्या मुलांनाही मिळाव्यात, हा हेतू. पुण्यालाही हा खेळ नवा नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ‘रोबोकॉन’ ही आशिया-पॅसिफिक स्पर्धा २००८ मध्ये पुण्यात झाली, तेव्हा विषय होता गोविंदाचा. २०१४ मध्ये ती पुन्हा पुण्यात आली, तेव्हाचा विषय होता पालकत्व. मोठ्या यंत्राने लहान यंत्राला उचलून बागेतल्या खेळण्यांपर्यंत न्यायचे. शेवटची उंच जाळी मात्र लहानाने स्वतः चढायची. हा नियम ज्याने केला, त्याला पालकांची चांगली ओळख असावी.

कारण शाळकरी मुलांच्या स्पर्धेत खरी परीक्षा पालकांचीच असते. आम्ही पाहिलेल्या स्पर्धेत आठ फूट लांब, चार फूट रुंद टेबल होते. ठोकळ्यांच्या गाडीने त्यावरची कामे अडीच मिनिटांत उरकायची. गाडी एकदा सुटली की तिला आधी शिकवून ठेवलेलेच ती करणार. टेबलाजवळ दोनच मुले. मोठी माणसे दोरीच्या अलीकडे. आमच्या मुलांच्या गाडीचा हात ऐन वेळी निसटला. दोघी मुलींनी एकमेकींकडे पाहिले, गाडी परत आणली, हात बसवला आणि पुन्हा सोडली. वीस-पंचवीस सेकंद गेले, गुणही गेले. पण तेवढ्या वेळात ‘बाबा, आता काय करू?’ असे विचारायला कोणी मागे वळले नाही. इतका मोलाचा धडा पुस्तकात कुठे मिळतो? तयारीच्या दालनात मात्र काही वडील स्वतःच स्क्रू आवळताना दिसत होते आणि त्यांची मुले शेजारी उभी राहून पाहत होती. पैसे खर्च करून मुलाला प्रेक्षक करायचे असेल, तर त्यासाठी पुण्याला कशाला जायचे?

त्या सभागृहात सगळ्यांचे चेहरे कौतुकाने फुललेले होते. मुले हातांनी काम करत होती आणि त्याला ‘हुशारी’ म्हटले जात होते. मला प्रश्न पडला तो इथे. हेच हात आपल्या गावात काळे होतात, तेव्हा आपण त्याला काय म्हणतो?

मुरुम हा ऊसपट्टा. इथल्या मुलाने साखर कारखान्याच्या गव्हाणीत पडणारी मोळी आणि पुढे फिरणारे लाटे पाहिलेले असतात. शेतातल्या पंपाचा ‘ऑटो’ तर घराघरांत माहीत आहे. रात्री लाइट आली की तो पंप आपोआप सुरू करतो, एखादी फेज गेली की बंद पाडतो. आता मोबाइलवरून मिस्ड कॉल दिला की चालू होणारे स्टार्टरही आले आहेत. बाहेरची स्थिती ओळखायची, निर्णय घ्यायचा आणि यंत्र चालवायचे, हेच तर यंत्रमानवाचे सार. ते दुरुस्त करणारा रिवायंडिंगवाला बाजारपेठेत बसलेला असतो. जळलेली मोटार उघडून, तारेचे वेढे मोजून ती पुन्हा चालती करणाऱ्या या माणसाला आपण ‘मिस्त्री’ म्हणतो आणि ‘अभ्यास केला नाहीस तर असाच बसशील’ असे मुलाला त्याच्याकडे बोट दाखवून बजावतो. मग तोच मुलगा प्लॅस्टिकची मोटार जोडायला लागला, की पेढे वाटतो!

सरकारने काही केले नाही, असे नाही. २०१६ पासून ‘अटल टिंकरिंग लॅब’ योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. आपला जिल्हा नीती आयोगाच्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांपैकी एक. परंतु ज्या गावात अशी खोली नाही, तिथल्या मुलांनी काय करायचे? महागडा संच, प्रवास, मुक्काम, शिवाय बुडणारी रोजंदारी, हा हिशेब ज्याला परवडतो, त्याचेच मूल ‘हुशार’ ठरायचे का? आमच्या संघात शेतमजुराचे एकही मूल नव्हते. गावात अशी मुले हुशार नसतील, यावर माझा विश्वास नाही.

म्हणून एक साधी सूचना. तालुक्याच्या गावी वर्षातून एक रविवार अशी स्पर्धा व्हावी. संच विकत आणायचा नाही; भंगारातल्या मोटारी, सायकलची चाके, जुने रेडिओ, रिकामे डबे यांतूनच यंत्र उभे करायचे. काम शेतातलेच द्यावे: हौदातले पाणी ठरावीक पातळीला आले की पंप बंद पाडणे किंवा पिकावरची पाखरे हाकणे. परीक्षकांच्या खुर्च्यांवर विज्ञानाच्या शिक्षकांशेजारी कारखान्यातला फिटर आणि रिवायंडिंगवाला मिस्त्री बसावा. त्याने एखाद्या मुलाला ‘इथे तार सैल राहिली’ म्हणून सांगावे आणि पालकांनी ते ऐकावे.

पुण्याच्या स्पर्धेलाही मुलांना जरूर न्यावे. मोठे मैदान पाहिल्याशिवाय आपली उंची कळत नाही. पण परतल्यावर पुढच्या रविवारी त्यांना बाजारपेठेतल्या त्या दुकानातही न्यावे आणि तासभर बसू द्यावे. कपड्यांना ग्रीस लागेल. लागू द्यावे.