तिने त्याला बोलू दिलं

सिनेमा संपून दिवे लागायच्या आत ‘पुस्तकच बरं होतं’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. या आठवड्यात ते पुन्हा ऐकलं, तेही मार्गरित द्युरासच्या ‘द लव्हर’बद्दल. तो शेरा मारायचा पहिला हक्क खुद्द बाईंचा. दिग्दर्शक आनोशी बिनसल्यावर त्यांनी चित्रपट येण्याआधीच, १९९१मध्ये, तीच गोष्ट नव्या कादंबरीत पुन्हा लिहून काढली.

द्युरासचा जन्म १९१४चा, सायगावजवळचा. ‘हिरोशिमा मोनामूर’ची पटकथा त्यांची, ‘द लव्हर’ला १९८४चा गोंकूर पुरस्कार. आपल्या कादंबऱ्यांवरचे इतरांचे चित्रपट पसंत पडेनात, म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्या स्वतः दिग्दर्शनात उतरल्या आणि डझनाहून अधिक चित्रपट केले.

त्यांतला ‘नाताली ग्रांजे’ (१९७२) माझा जीव की प्राण. चित्रीकरण द्युरास यांच्या स्वतःच्या घरात. जेवणं उरकल्यावर दोन बायका टेबल आवरतात आणि कॅमेरा त्यांचे हात निवांत पाहत राहतो. मग दारात येतो वॉशिंग मशीन विकणारा एक तरुण. हा जेरार द्पार्दिय, तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला. तो मशीनचे गुण सांगत सुटतो. त्या दोघी, म्हणजे ल्युसिया बोझे आणि झान मोरो, नुसत्या बघत बसतात. ना होकार, ना नकार. त्या शांततेपुढे त्याचं पाठ केलेलं बोलणं अडखळायला लागतं. शेवटी त्या सांगतात, तू विक्रेता नाहीसच. गडी कोसळतो.

हा प्रसंग मी कितीदाही पाहू शकते. कुणी ओरडत नाही, संगीताची फोडणी नाही, तरी एका माणसाचं अख्खं आयुष्य उघडं पडतं. आणि त्या दोघींना त्याची कीव येते, हे त्यांच्या नजरेत दिसतं.

‘इंडिया साँग’मध्ये (१९७५) तर पडद्यावरची माणसं ओठच हलवत नाहीत, आवाज बाहेरून येतात. १९३७चं कोलकाता त्यांनी फ्रान्समध्येच उभं केलं, तेही मुख्यतः आवाजांतून. वाचताना आपण मनाशी जे रचतो, ते रचायची मोकळीक बाईंनी प्रेक्षकालाही दिली. प्रेक्षकाच्या अकलेवर इतका विश्वास टाकणारे दिग्दर्शक मुळात थोडे. द्युरासच्या चित्रपटांना ‘कंटाळवाणे’ म्हणून मोडीत काढणं हा अन्याय आहे, आणि तो मी ऐकून घेणार नाही.