फॅरोच्या मजुरांचं मस्टर

लक्सरला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, नाईलच्या पश्चिम तीरावरचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी राजांची दरी, मग हातशेप्सुतचं मंदिर, मेमनॉनच्या दोन पुतळ्यांपाशी फोटो आणि वाटेत अलाबास्टरच्या ‘कारखान्यात’ खरेदी. दुकानासाठी तासभर निघतो, पण तिथून जवळच असलेल्या दैर अल-मदिनासाठी निघत नाही. आपल्या सहल कंपन्यांनी ही अदलाबदल करावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

राजांच्या दरीतल्या कबरी ज्यांनी खोदल्या, कोरल्या, रंगवल्या, त्या कारागिरांची ही वस्ती. गावकुसाच्या आत दाटीवाटीने बांधलेली सत्तरेक घरं, मध्ये चिंचोळी गल्ली. सुमारे ४०० वर्षं ती नांदती होती. गावात पाणी नव्हतं, ते गाढवांवरून यायचं. शेजारी एक प्रचंड खड्डा आहे. तो पाण्यासाठी खणला असावा; पाणी काही लागलं नाही आणि पुढे त्यात कचरा पडत गेला. पाटबंधारे खात्यात हयात काढल्यामुळे कोरड्या विहिरी मला नव्या नाहीत, पण या खड्ड्याने जे दिलं ते कुठल्याच विहिरीने दिलं नसेल. बर्नार्ड ब्रुयेर या फ्रेंच संशोधकाने १९२२ ते १९५१ या काळात इथे उत्खनन केलं. त्यात खापरं आणि चुनखडीच्या कपऱ्यांवर लिहिलेले हजारो मजकूर हाती लागले: हिशेब, तक्रारी, उधारी, पत्रं.

या वस्तीतलं एक मस्टर आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं चाळिसावं वर्ष. चुनखडीच्या तुकड्यावर चाळीस मजुरांची नावं, नावापुढे खाड्यांच्या तारखा काळ्या शाईत आणि त्यावर कारण लाल शाईत. विंचू चावला. डोळे आले. बिअर गाळायची होती. आईचं शव बांधायचं होतं. बायकोची किंवा मुलीची पाळी आली, तेही कारण म्हणून नोंदलेलं. मी दुष्काळी कामांवर मस्टरं भरली आहेत. आमच्या रकान्यात खाड्याला नुसती फुली असायची. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा हा कारकून माझ्यापेक्षा कसून काम करत होता.

मुकादमही ओळखीचे निघाले. पानेब नावाच्या मुकादमावर आरोप होता की त्याने सरकारी मजूर स्वतःच्या कबरीच्या कामाला लावले. मुकादमाच्या बंगल्याला सरकारी सिमेंट कसं पोचतं, हे ठाऊक असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

पगार धान्यात मिळायचा, गहू आणि जव. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी साडेअकराशेच्या सुमारास, तो थकला. महिन्याचे अठरा दिवस उलटले तरी धान्य नाही, म्हणून कारागीर हत्यारं खाली ठेवून निघाले आणि एका मंदिरामागे जाऊन बसले. अंगाला कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही. राजाला कळवा, वजिराला कळवा, अशी त्यांची मागणी. जगातल्या लेखी नोंद असलेल्या संपांपैकी हा पहिला मानला जातो. ती नोंद असलेलं पपायरस इटलीत तुरिनला आहे. गंमत अशी की याच राजाच्या मेदिनेत हाबू इथल्या मंदिराच्या भिंतीवर सणासुदीला देवांना द्यायच्या नैवेद्याची लांबलचक यादी कोरली आहे. देवाच्या भाकरी भिंतीवर पक्क्या, मजुराचं धान्य मात्र अडकलेलं. ही वस्ती आणि ते मंदिर एकमेकांपासून गाडीने पाच-दहा मिनिटांवर आहेत. पाठोपाठ पाहिली नाहीत, तर मंदिर नुसतं भव्य वाटतं, आणि भव्यतेला लक्सरमध्ये तोटा नाही.

‘तिथे बघायला उरलंय काय, नुसते पाये,’ असं आमच्या गटातल्या एका काकांनी मला ऐकवलं. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. घरांच्या भिंती बहुतेक ठिकाणी कमरेइतक्याच उरल्या आहेत, मस्टर लंडनला, संपाचं पपायरस तुरिनला. घरून वाचून गेलं नाही किंवा गाईडने सांगितलं नाही, तर ढिगाऱ्यात फिरल्यासारखं होतं. पण त्याच काकांना याच वस्तीतल्या सेन्नेजेम या कारागिराच्या कबरीत उतरवा. जिना उभा, वाट ठेंगणी, वाकूनच जावं लागतं. आत गेल्यावर रंग असे, की काल ब्रश धुऊन ठेवला असावा. राजांसाठी डोंगर फोडणाऱ्या या कारागिराने स्वतःच्या कबरीत स्वतःला रंगवून घेतलं ते परलोकीच्या शेतात, बायकोसोबत नांगर धरलेला, पीक कापणारा. १८८६ साली ही कबर न फुटलेली सापडली. तिथल्या वस्तूही आता इथे नाहीत, पण तसं तर तुतनखामेनचंही आहे. त्याच्या छोट्याशा कबरीसाठी आपण वेगळं तिकीट काढतो आणि त्याचा खजिना पाहायला मात्र कैरोकडे जावं लागतं.

सहल बुक करतानाच दैर अल-मदिना कार्यक्रमात लेखी घालून घ्या. लक्सरला पोचल्यावर गाईड ऐकत नाही, त्याचंही दुकानाशी काही ठरलेलं असू शकतं. कंपनी नाहीच म्हणाली, तर लक्सर मंदिरासमोरून स्थानिक लोकांची फेरीबोट पलीकडे जाते आणि उतरल्यावर टॅक्सी मिळते. गटाला खुशाल अलाबास्टर घेऊ द्या.