चाकातली हवा

दहिसर चेकनाका आणि काशिमीऱ्याचे फाउंटन हॉटेल, या दोन ठिकाणी मीरा-भाईंदरकरांचे किती इंधन उभ्या उभ्या जळते, हे रोज तिथे अडकणाऱ्याला सांगायला नको. ती कोंडी फोडणे सरकारचे काम आहे, आणि ते झालेच पाहिजे. चाकातली हवा मात्र आपल्या हातात आहे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या हिशेबाने सर्व टायरमधला सरासरी दाब १ पीएसआयने उतरला की मायलेज सुमारे ०.२ टक्के घटते. आकडा किरकोळ वाटेल. पण दिवसभर भाडी मारणाऱ्या रिक्षावाल्याला सीएनजीचा प्रत्येक किलो मोजावा लागतो. मऊ टायर जास्त दबतो, तापतो, लवकर झिजतो, नुकसान दुहेरी. टायरसारखेच इंजिनाचे: त्याचा बिघाड वेळेवर काढला तर मायलेज सरासरी ४ टक्क्यांनी सुधारते. एअर फिल्टरबद्दल मात्र गैरसमज आहे. तुंबलेला फिल्टर जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचे मायलेज खातो; आजच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पिकअप जातो, मायलेज फारसे नाही. चाकातली हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. योग्य दाब चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो.