रॉकेटचा बारदाना

लातूरच्या गंजगोलाईत काय किंवा नांदेडच्या मोंढ्यात काय, एकदा माल भरला म्हणून पोते फेकून देणारा आडत्या शोधूनही सापडणार नाही. फाटले तर ते शिवून घेतात, आणि हिशेबपट्टीत बारदान्याचे वजन वेगळे धरतात. अंतराळाच्या व्यवहारात मात्र कितीतरी दशके याच्या अगदी उलट रीत चालू होती. उपग्रह वर पोहोचवायचा आणि त्याला नेणारे कोट्यवधींचे रॉकेट समुद्रात सोडून द्यायचे.

भारताच्या एलव्हीएम-३ या प्रक्षेपकाच्या दोन बाजूंना एस-२०० नावाच्या मोटारी असतात. प्रत्येकीत दोनशे टनांहून अधिक घन इंधन असते. ते दोन मिनिटांच्या आसपास जळते आणि रिकामे कवच बंगालच्या उपसागरात पडते. या कवचांचे पोलादी भाग इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्यातही बनतात. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी पिढीजात पेढी सोडून रेल्वेची कंत्राटे घेतली, ती बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून. हाच अरुंद लोहमार्ग पुढे १९११ मध्ये लातूरला येऊन पोहोचला. त्यांच्या नावाच्या गावात घडलेले हे पोलाद आज एकाच खेपेत जलार्पण होते, याला इलाज नाही. घन इंधन एकदा पेटले की ते मध्येच विझवून पुन्हा पेटवता येत नाही, त्यामुळे ती मोटार अलगद खाली उतरवताही येत नाही. द्रव इंधनाच्या इंजिनाला मात्र ते साधते.

अमेरिकेच्या स्पेसएक्स कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये फाल्कन-९ चा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरवला आणि मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडवला. २०२५ मध्ये एका टप्प्याने तिसावे उड्डाण केले. वर्तमानपत्रांनी या उतरण्याचे कौतुक पुष्कळ केले. त्यामागचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही. परत यायचे तर थोडे इंधन राखून ठेवावे लागते, पायही सोबत न्यावे लागतात. म्हणजे तेवढा माल कमी जातो. खाली आल्यावर तपासणी आणि दुरुस्ती आहेच. हा सारा खर्च भरून निघतो तो फेऱ्या वाढल्या तरच. महिन्यातून दोनदा हलणाऱ्या ट्रकचा हप्ता भाड्यातून फिटत नाही, हे वाहतूकदाराला सांगावे लागत नाही. इतका माल आणायचा कोठून? स्पेसएक्सने तो स्वतःच निर्माण केला. स्टारलिंकचे हजारो उपग्रह हे तिच्याच घरचे पार्सल आहे. खरी हुशारी रॉकेट उतरवण्याइतकीच यात आहे.

या वाटेवरचे पहिले धडे महाग पडले. फाल्कन-१ ची २००६ ते २००८ मधील तिन्ही उड्डाणे फसली. २८ सप्टेंबर २००८ रोजी चौथे कक्षेत पोहोचले, तेव्हा तिजोरीत फारसे काही उरले नव्हते.

भारतातील खाजगी प्रयत्नांपैकी पहिला नांदेडला जवळ असलेल्या हैदराबादचा. निजामी राजवटीपासून मराठवाड्याच्या बाजारपेठेची एक दृष्टी त्या शहराकडे राहिली आहेच. तेथील स्कायरूट कंपनीने १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोट्याहून विक्रम-एस उडवले. उंची सुमारे सहा मीटर, ८९.५ किलोमीटरपर्यंत जाऊन ते ठरल्याप्रमाणे समुद्रात पडले. कक्षेत जाणे हा त्याचा हेतूच नव्हता. नाव दिले गेले अहमदाबादच्या जैन गिरणीमालक घराण्यातील डॉ. विक्रम साराभाई यांचे, ज्यांच्या नेतृत्वाखाली १९६३ मध्ये थुंब्याहून पहिले रॉकेट सुटले. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीची चाचणी ऐनवेळी अनेकदा थांबवावी लागली. ती ३० मे २०२४ रोजी पार पडली. थांबवण्याला अपयश म्हणणे हा प्रेक्षकाचा उतावीळपणा झाला.

परतीच्या तंत्राचा सराव इस्रोही करीत आहे. चित्रदुर्गजवळ २०२३ आणि २०२४ मध्ये पंखधारी ‘पुष्पक’ हेलिकॉप्टरमधून तीनदा सोडले गेले आणि तिन्ही वेळा ते आपोआप धावपट्टीवर उतरले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या पिढीच्या प्रक्षेपकासाठी ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. त्याचा पहिला टप्पा पुन्हा वापरता येईल असा आहे, आणि तीन चाचणी उड्डाणांचा खर्च या रकमेत आधीच धरलेला आहे.

या शेवटच्या तरतुदीकडे व्यापारी घरांनी लक्ष द्यावे. पावसाने दगा दिला तर सोयाबीनच्या हंगामात तोटा होतो, हे खातेवहीला समजते. पण जाणूनबुजून मोडण्यासाठी वस्तू बनवायची आणि तिची रक्कम आधीच बाजूला काढायची, हे गादीवर बसलेल्या वडिलांना उधळपट्टी वाटते. लातूरच्या शिकवण्यांतून अभियांत्रिकीकडे गेलेला मुलगा किंवा मुलगी उद्या अशाच एखाद्या कंपनीसाठी भांडवल मागू शकते. तेव्हा नफा कधी, हा प्रश्न विचारला जाईलच. त्याच्या आधी दोन विचारावेत: किती चाचण्या फसल्या तरी पैसा पुरेल, आणि वर न्यायला माल कोणाचा?