गंगेच्या वाटेने बेटावर

आम्ही गोदाकाठची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. गंगाखेडच्या घाटावरून ती ज्या बंगालच्या उपसागराकडे जाते, तो ओलांडून, पाठीवर सॅक घेऊन मी अंदमानातल्या नील बेटावर उतरलो; २०१८ पासून त्याचं नाव शहीद द्वीप. धक्क्याखालचं निळंशार पाणी डोळ्यांत मावेना, पण जीव गुंतला तो भाजीच्या मळ्यांत. फाळणीने पूर्व बंगालमधून उखडलेल्या कुटुंबांनी इथे शेती उभी केली. चहूकडे समुद्र, तरी पीक आणि घागर दोन्ही पावसाच्या भरवशावर. टँकरची वाट पाहिलेल्या परभणीकराला ही तहान ओळखीची वाटते. पाहुण्याने तिथे बादलीभर पाण्यात अंघोळ उरकावी. यजमानाचा तो पहिला मान.